बॉनविल: ज्याने जबड्याचं मॉडेल बनवलं

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड हळूच उघडा. आतलं हाड आधी जागेवर फिरतं, मग पुढे सरकतं. आता जबडा डावीकडे न्या. उजव्या बाजूचं हाड पुढे जाईल, डावीकडचं मात्र जवळपास तिथेच राहील. म्हणजे जबडा ही दाराची साधी बिजागरी नाही.

कवळी बनवणाऱ्यासाठी हाच मोठा प्रॉब्लेम आहे. दात तर तोंडाबाहेर, टेबलावर रचायचे असतात. त्यासाठी वरच्या-खालच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे एका यंत्रात बसवतात. या यंत्राचं नाव आर्टिक्युलेटर. त्यात फक्त उघड-मीट होत असेल, तर कवळी तोंड मिटल्यावर छान बसते, पण घास चावायला लागलं की एका बाजूने उचलते आणि हिरड्या सोलते. आमच्या धावड्याकडे कवळीची खरी परीक्षा बाजरीच्या भाकरीवर होते, आणि भाकरी चावताना जबडा आडवा फिरतोच.

या प्रश्नाच्या मागे लागलेला माणूस म्हणजे विल्यम बॉनविल. जन्म १८३३, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात. तिथेच त्याने दातांची प्रॅक्टिस सुरू केली, पुढे तो फिलाडेल्फियाला गेला. त्या काळात व्हल्कनाइट नावाचं कडक रबर आलं होतं. त्यामुळे कवळ्या स्वस्त झाल्या, पण स्वस्त कवळीने नीट चावता येईलच असं नव्हतं.

बॉनविलने कवट्या आणि जिवंत माणसांचे जबडे मोजायला घेतले. त्याला एक पॅटर्न दिसला. दोन्ही कानांजवळचे सांधे आणि खालच्या पुढच्या दातांचा मध्य, हे तीन बिंदू जोडले की समभुज त्रिकोण होतो आणि त्याची प्रत्येक बाजू सुमारे ४ इंच, म्हणजे साधारण १० सेंटीमीटर असते. १८५८ मध्ये त्याने याच मापावर आपला आर्टिक्युलेटर बनवला. त्यातले दोन्ही सांधे वेगवेगळे पुढे सरकायचे. त्यामुळे जबडा आडवा गेल्यावर कोणता दात कुठे टेकतो, हे टेबलावरच बघता येऊ लागलं.

हा गडी एवढ्यावर थांबला नाही. तेव्हा दातात सोनं भरताना ते हातोडीने ठोकून बसवावं लागे. तारयंत्राची टकटक बघून त्याला आयडिया सुचली आणि त्याने विजेवर चालणारी छोटी हातोडी तयार केली. तुमचा फोन व्हायब्रेट होतो, तोही विजेचा आणि चुंबकाचाच खेळ आहे.

त्याच्या मॉडेलमध्ये उणीव होती. त्याने सांध्याची वाट आडवी सरळ धरली होती. खरा सांधा पुढे जाताना खालीही उतरतो, आणि हा उतार प्रत्येकाचा वेगळा. शिवाय ४ इंच ही सरासरी आहे, तुमचं माप नव्हे. माझ्या भाषेत सांगायचं तर त्याने डिफॉल्ट व्हॅल्यू दिली, युजर सेटिंग नंतर आली. १८९९ मध्ये बॉनविल वारला. त्याच सुमारास जॉर्ज स्नो यांचा फेसबो आला. तो रुग्णाचा वरचा जबडा सांध्यांपासून नेमका कुठे आहे, हे टिपून यंत्रात उतरवतो. पुढे झ्युरिकच्या आल्फ्रेड गायझी यांनी सांध्याचा उतार बदलता येईल अशी यंत्रं बनवली.

आज दातांचं स्कॅन करून हेच सगळं सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर फिरवता येतं. तरी सरासरी मापाचा साधा आर्टिक्युलेटर अजून वापरात आहे, आणि त्याच्या मुळाशी बॉनविलचाच त्रिकोण आहे. मला यातून एक गोष्ट पटते. डिफॉल्ट चांगलं असेल तर बऱ्याच लोकांचं काम भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी मोजमाप करावंच लागतं. म्हणून घरात कोणाची कवळी चावताना हलत असेल, तर वयच झालं म्हणून गप्प बसू नका. ती घेऊन डेंटिस्टकडे जा आणि दातांचा मेळ पुन्हा तपासायला सांगा.