एमिली हॉबहाउस: युद्धछावण्यांचे सत्य जगापुढे मांडणारी स्त्री

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्ध ब्रिटनने १९०२ मध्ये जिंकले. मात्र या विजयाबद्दल ब्रिटिश समाजाचे एकमत कधीच झाले नाही. या युद्धाने तेथील उदारमतवादी पक्षात फूट पाडली, नियतकालिकांना परस्परांविरुद्ध उभे केले आणि साम्राज्याच्या नैतिक अधिकाराविषयी प्रथमच व्यापक शंका निर्माण केली. या मतपरिवर्तनाला ज्या व्यक्तींचे कार्य कारणीभूत ठरले, त्यांत एमिली हॉबहाउस यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांच्याकडे कोणतेही सरकारी पद नव्हते. त्या काळी ब्रिटनमधील स्त्रियांना संसदीय निवडणुकीत मताधिकारही नव्हता.

एमिली हॉबहाउस यांचा जन्म ९ एप्रिल १८६० रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्ह या खेड्यात झाला. त्यांचे वडील तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. एमिली वीस वर्षांच्या असताना आईचे निधन झाले आणि त्यानंतरची सुमारे चौदा वर्षे आजारी वडिलांच्या शुश्रूषेत गेली. त्यांचे धाकटे बंधू लेनर्ड उच्च शिक्षण घेऊन पुढे समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. एमिली यांना मात्र विद्यापीठाचे शिक्षण मिळाले नाही.

वडिलांच्या निधनानंतर, १८९५ मध्ये, त्यांनी घर सोडले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कॉर्नवॉलमधून गेलेल्या खाणकामगारांच्या वस्तीत त्यांनी समाजकार्य केले. तेथे ठरलेला विवाह मोडला, मेक्सिकोतील शेतीत गुंतवलेला पैसाही बुडाला आणि १८९८ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या.

लंडनमध्ये त्यांचे काका लॉर्ड आर्थर हॉबहाउस यांचा त्यांना मोठा आधार होता. हे काका १८७२ ते १८७७ या काळात भारताच्या व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधी सदस्य होते. न्याय आणि राज्यकारभार हे या घरातील नित्याच्या चर्चेचे विषय होते.

युद्धज्वर आणि विरोधाचे स्वर

ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांची दोन स्वतंत्र प्रजासत्ताके होती. ट्रान्सवालमध्ये सोन्याच्या प्रचंड खाणी सापडल्यानंतर ब्रिटनशी असलेला जुना तंटा विकोपाला गेला आणि ११ ऑक्टोबर १८९९ रोजी युद्धाला तोंड फुटले. काही महिन्यांत ते संपेल, अशी ब्रिटनची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते अडीच वर्षांहून अधिक काळ चालले.

प्रारंभी ब्रिटनमध्ये युद्धाला उदंड लोकप्रियता लाभली. मे १९०० मध्ये माफेकिंग शहराचा वेढा उठल्याचे वृत्त येताच लंडनच्या रस्त्यांवर जल्लोष झाला. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने युद्धाच्या लाटेवर पुन्हा विजय मिळवला. सैनिकांच्या गणवेशावरून तिला खाकी निवडणूक असे नाव पडले. हिंदुस्थानातून गेलेला हा शब्द इंग्रजी राजकारणात अशा रीतीने रूढ झाला.

अशा वातावरणात युद्धाला विरोध करणाऱ्यांना शत्रूचे हस्तक ठरवले जात असे. हॉबहाउस यांनी दक्षिण आफ्रिका समेट समितीच्या महिला शाखेचे काम स्वीकारले आणि जून १९०० मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये स्त्रियांची मोठी निषेध सभा भरवली. पुढील महिन्यात त्यांच्या जन्मगावाजवळील लिस्कर्ड येथे झालेली सभा मात्र जमावाने उधळून लावली. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले डेव्हिड लॉइड जॉर्ज त्या सभेचे वक्ते होते.

छावण्यांकडे प्रवास

समोरासमोरच्या लढाईत पराभव झाल्यानंतर बोअर सैनिकांनी गनिमी काव्याचा अवलंब केला. त्यांना गावागावांतून मिळणारी रसद तोडण्यासाठी ब्रिटिश सैन्याने शेते, पिके आणि घरे जाळण्याचे धोरण अवलंबले. सुमारे ३० हजार शेतघरे उद्ध्वस्त करण्यात आली. बेघर झालेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्धांना तंबूंच्या छावण्यांत डांबण्यात आले. या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय आफ्रिकी कुटुंबांसाठी वेगळ्या छावण्या होत्या.

या स्त्रिया व मुलांच्या मदतीसाठी हॉबहाउस यांनी निधी उभारला. तो स्वतः पोहोचवण्यासाठी त्या डिसेंबर १९०० मध्ये जहाजाने निघाल्या. केपटाउनमध्ये त्यांनी ब्रिटिश उच्चायुक्त आल्फ्रेड मिल्नर यांची भेट घेतली. लष्करप्रमुख लॉर्ड किचनर यांनी त्यांना केवळ ब्लोमफाँटेनपर्यंत जाण्याची परवानगी दिली. मदतीच्या वस्तूंनी भरलेला मालगाडीचा एक डबा सोबत घेऊन त्या २४ जानेवारी १९०१ रोजी तेथे पोहोचल्या.

ब्लोमफाँटेनच्या छावणीत त्या वेळी सुमारे १,८०० लोक होते. उघड्या माळावरील तंबूंत पुरेशा खाटा नव्हत्या, पाण्याची टंचाई होती, जळण अपुरे होते आणि साबण तर शिधापत्रकातच नव्हता. दूषित पाण्यामुळे विषमज्वर पसरत होता आणि गोवराने मुले दगावत होती. ज्यांचे पुरुष अद्याप लढत होते, त्या कुटुंबांना आरंभी इतरांपेक्षा कमी शिधा दिला जात होता.

हॉबहाउस यांनी तंबूतंबूंत जाऊन स्त्रियांच्या हकिकती लिहून घेतल्या. साबण, उकळलेले पाणी, दूध आणि अंथरुणे या साध्या मागण्यांसाठी त्यांनी अधिकाऱ्यांकडे सतत पाठपुरावा केला. साबणाची मागणी मान्य झाली. मात्र त्यांनी इतर ठिकाणच्या छावण्या पाहून पुन्हा ब्लोमफाँटेन गाठले, तेव्हा तेथील गर्दी दुपटीहून अधिक वाढली होती. आपण आणलेली मदत कधीच पुरणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले. जेथे हे धोरण ठरत होते, त्या लंडनमध्येच त्याविरुद्ध बोलणे आवश्यक होते.

अहवाल आणि राजकीय भूकंप

मे १९०१ मध्ये इंग्लंडला परतल्यानंतर त्यांनी आपला अहवाल खासदारांसमोर ठेवला. त्यात आवेशपूर्ण भाषणबाजी नव्हती. शिध्याचे प्रमाण, तंबूतील माणसांची संख्या, कुटुंबांची निवेदने आणि सुधारणांची यादी असे त्याचे स्वरूप होते. उदारमतवादी पक्षाचे नेते हेन्री कॅम्बेल-बॅनरमन यांनी त्यांची कहाणी शांतपणे ऐकून घेतली. त्यानंतर १४ जून रोजी केलेल्या भाषणात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील युद्धपद्धतीची गणना रानटीपणात केली. तोवर सावध भूमिका घेणाऱ्या विरोधी पक्षनेत्याच्या या उद्गारांनी मोठी खळबळ माजली. त्यांच्याच पक्षातील साम्राज्यवादी गट संतप्त झाला.

युद्धसमर्थक वृत्तपत्रांनी हॉबहाउस यांच्यावर टीकेची झोड उठवली. लिझी व्हॅन झील या सात वर्षांच्या मुलीचे प्रकरण या वादाचे प्रतीक ठरले. भुकेने अस्थिपंजर झालेल्या या मुलीला हॉबहाउस यांनी छावणीत स्वतः पाहिले होते. पुढे तिचा मृत्यू झाला. तिचे छायाचित्र ब्रिटनमध्ये पोहोचले, तेव्हा तिच्या या अवस्थेला तिची आईच जबाबदार असल्याचा प्रचार करण्यात आला. हॉबहाउस यांनी तो ठामपणे खोडून काढला. युद्धातील एका छायाचित्राचा अर्थ कोणी लावायचा, यावरून झालेल्या आरंभीच्या वादांपैकी हा एक होय.

वाढत्या दबावामुळे सरकारने मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखाली महिलांचा चौकशी आयोग नेमला. हॉबहाउस यांना त्यात स्थान देण्यात आले नाही. युद्धाच्या समर्थक असलेल्या फॉसेट यांच्या आयोगानेही छावण्यांतील दुरवस्थेला मुख्यतः दुजोराच दिला. दरम्यान, ऑक्टोबर १९०१ मध्ये बोअर छावण्यांतील वार्षिक मृत्युदर हजारी ३४४ वर पोहोचला होता. त्यानंतर छावण्यांचा कारभार लष्कराकडून नागरी प्रशासनाकडे सोपवण्यात आला आणि १९०२ च्या प्रारंभीच्या महिन्यांत मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले.

याच ऑक्टोबरमध्ये हॉबहाउस पुन्हा केपटाउनला गेल्या असता त्यांना किनाऱ्यावर उतरू देण्यात आले नाही. काही दिवसांनी त्यांना बळजबरीने सैनिकी जहाजावर चढवून इंग्लंडला परत पाठवण्यात आले. आपला अनुभव त्यांनी १९०२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

मे १९०२ मध्ये तह झाला. तोपर्यंत बोअरांच्या छावण्यांत सुमारे २८ हजार जणांचा मृत्यू झाला होता आणि त्यांपैकी २२ हजारांहून अधिक सोळा वर्षांखालील मुले होती. कृष्णवर्णीयांच्या छावण्यांत किमान १४ हजार मृत्यूंची नोंद आहे. प्रत्यक्ष संख्या २० हजारांहून अधिक असावी, असे इतिहासकार मानतात.

युद्धाचे पडसाद

या युद्धाने ब्रिटनच्या विचारविश्वात खोलवर बदल घडवले. दक्षिण आफ्रिकेतून वार्तांकन केलेल्या जे. ए. हॉब्सन यांनी १९०२ मध्ये साम्राज्यवादाची आर्थिक चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. पुढे लेनिन यांनीही त्याचा आधार घेतला. सैन्यभरतीसाठी आलेले अनेक तरुण अशक्त आढळल्याने गरिबांच्या आरोग्याची चौकशी झाली आणि १९०६ मध्ये शाळकरी मुलांना भोजन देण्याचा कायदा करण्यात आला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत कॅम्बेल-बॅनरमन यांच्या पक्षाने प्रचंड बहुमत मिळवले आणि पराभूत बोअर प्रजासत्ताकांना लवकरच स्वशासन बहाल करण्यात आले.

भारताशीही या युद्धाचा संबंध होता. हजारो बोअर युद्धकैद्यांना हिंदुस्थानात आणण्यात आले आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथेही त्यांची छावणी होती. नाताळमध्ये मोहनदास गांधी यांनी सुमारे १,१०० भारतीयांचे रुग्णवाहक पथक उभारून ब्रिटिश जखमींची सेवा केली होती.

युद्धानंतर हॉबहाउस पुन्हा दक्षिण आफ्रिकेत गेल्या. उजाड झालेल्या गावांतील मुलींना उपजीविकेचे साधन मिळावे, यासाठी त्यांनी १९०५ मध्ये फिलिपोलिस येथे सूतकताई आणि विणकामाची शाळा सुरू केली. अशा शाळांची संख्या पुढे पंचवीसहून अधिक झाली. प्रकृती ढासळल्यामुळे १९०८ मध्ये त्यांना परतावे लागले.

स्मारक आणि गांधीजींना साह्य

छावण्यांत मरण पावलेल्या स्त्रिया आणि मुलांचे राष्ट्रीय स्मारक ब्लोमफाँटेन येथे उभारण्यात आले. १६ डिसेंबर १९१३ रोजी होणाऱ्या त्याच्या अनावरणासाठी हॉबहाउस यांना सन्मानाने पाचारण करण्यात आले. प्रवासात प्रकृती बिघडल्याने त्यांना ब्यूफोर्ट वेस्टहून मागे फिरावे लागले आणि त्यांचे भाषण त्यांच्या अनुपस्थितीत वाचून दाखवण्यात आले. स्वतःचा नसलेल्या भांडणात हजारो कृष्णवर्णीयही छावण्यांत मृत्युमुखी पडले, त्यांचेही स्मरण करणे न्यायाला धरून होईल, असे त्यात त्यांनी बोअरांना सांगितले. आपल्याला प्रिय असलेले स्वातंत्र्य इतरांना नाकारू नये, अशी विनवणीही त्यांनी केली. याच वर्षी कृष्णवर्णीयांचा जमीनधारणेचा हक्क बहुतांश प्रदेशात हिरावून घेणारा कायदा संमत झाला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

त्याच सुमारास नाताळमधील भारतीयांचा सत्याग्रह शिगेला पोहोचला होता. हॉबहाउस यांनी डिसेंबर १९१३ च्या अखेरीस आपले जुने स्नेही मंत्री यान स्मट्स यांना पत्र लिहून गांधीजींशी तडजोड करण्याचा आग्रह धरला. त्यानंतरच्या महिन्यात उभयतांमध्ये प्राथमिक समझोता झाला आणि १९१४ मध्ये भारतीयांवरील तीन पौंडांचा कर रद्द करण्यात आला. या यशात इतर अनेक घटकांचाही वाटा होता. तरीही दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना गांधीजींनी हॉबहाउस यांचा मोठ्या आदराने उल्लेख केला आहे.

अखेरची वर्षे आणि वारसा

पहिल्या महायुद्धातही त्यांनी आपली भूमिका बदलली नाही. १९१६ मध्ये त्या जर्मनीत गेल्या आणि तेथील परराष्ट्रमंत्र्यांना भेटल्या. त्यामुळे मायदेशी त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप झाले. महायुद्धानंतर त्यांनी लाइपझिग शहरातील हजारो उपाशी मुलांच्या भोजनाची व्यवस्था केली आणि या कार्याला दक्षिण आफ्रिकेतूनही निधी आला. त्यांच्या हलाखीची वार्ता कळल्यावर १९२१ मध्ये तेथील लोकांनी छोट्या छोट्या देणग्यांतून २,३०० पौंड गोळा करून पाठवले आणि त्या रकमेतून त्यांना कॉर्नवॉलमध्ये घर घेता आले.

एमिली हॉबहाउस यांचे ८ जून १९२६ रोजी लंडनमध्ये निधन झाले. त्यांच्या अस्थी त्याच वर्षी ब्लोमफाँटेनच्या स्मारकाच्या पायथ्याशी ठेवण्यात आल्या. गांधीजींनी यंग इंडियामध्ये त्यांना श्रद्धांजली वाहिली.

पुढील काळात छावण्यांची आठवण आफ्रिकानेर राष्ट्रवादाचा मोठा आधार बनली. या राष्ट्रवादातूनच १९४८ मध्ये वर्णभेदी राजवट सत्तेवर आली. त्या राजवटीने एका पाणबुडीला एमिली हॉबहाउस यांचे नाव दिले. युद्धनौकेला युद्धविरोधी स्त्रीचे नाव देण्यात विसंगती होती. त्यांच्या भाषणातील न्यायाची मागणी मात्र दशकानुदशके दुर्लक्षित राहिली. १९९४ मध्ये लोकशाही आल्यानंतर पाणबुडीचे नाव बदलण्यात आले आणि कृष्णवर्णीयांच्या छावण्यांच्या इतिहासाकडे नव्याने लक्ष दिले जाऊ लागले. विस्मृतीत गेलेल्या दफनभूमींचा शोध घेण्यात आला. ज्या मृतांचे स्मरण करावे, असे हॉबहाउस यांनी १९१३ मध्ये सांगितले होते, त्यांची गणना अद्यापही पूर्ण झालेली नाही.