वसईच्या पडक्या मंदिरांचे चरित्रकार : डॉक्टर गर्सन द कुन्हा

चिखलीहून मोशीवरून चाकण गाठावे, तेथून राजगुरुनगर मागे टाकून डोंगर चढत गेले म्हणजे भीमाशंकर लागते. कारखान्यांच्या मोटारींची वर्दळ चाकणाच्या पुढे कमी होते आणि वाट रानात शिरते. त्या प्रसिद्ध देवस्थानी एक मोठी घंटा टांगलेली आहे. आपल्या मंडळीतील जे बंधू कामानिमित्त तिकडे गेले आहेत, त्यांनी ती पाहिली असेल; परंतु तिच्या अंगावर मरीया व बाळ येशू यांची आकृती आहे, हे त्यांतील कितीकांच्या ध्यानी आले असेल, कोण जाणे. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या घाटावर अशीच दुसरी घंटा आहे आणि तिच्यावर १७०७ हा सनही कोरलेला आहे. या घंटा मुळात ख्रिस्ती मंदिरांच्या होत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांपासून जिंकला, तेव्हा तेथील मंदिरांच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आणल्या गेल्या.

घंटा गेल्या, पण ज्या मनोऱ्यांवर त्या वाजत होत्या, त्यांचे काय झाले? या प्रश्नाचा ज्यांनी मन लावून शोध केला, ते मुंबईचे एक वैद्य होते. डॉक्टर जोझे गर्सन द कुन्हा यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. ते रोमन कॅथोलिक होते आणि हे साप्ताहिक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे आहे, हे मी विसरलेलो नाही. तथापि खरी विद्या जेथे सापडेल तेथून घ्यावी, असे मला वाटते.

गर्सन द कुन्हा यांचा जन्म १८४४ साली गोव्यात बार्देश प्रांतातील हडफडे गावी झाला. त्या काळी गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. घरी कोंकणी, शाळेत व कचेरीत पोर्तुगीज, चर्चमध्ये लॅटिन अशा वातावरणात मुलगा वाढला. म्हणून एकाच गोष्टीला तीन नावे असू शकतात, हे त्यास लहानपणीच कळले असावे. पुढे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व नंतर विलायतेस जाऊन लंडन व एडिंबरो येथील परीक्षा दिल्या. परत आल्यावर मुंबईत त्यांनी वैद्यकीचा धंदा मांडला आणि जन्मभर तोच त्यांच्या पोटापाण्याचा मार्ग राहिला.

येथे थोडे थांबले पाहिजे. ते कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. दिवसभर रोगी पाहावयाचे, आणि उरलेल्या वेळी जुनी नाणी, जुनी हस्तलिखिते व जुने शिलालेख यांत बुडून जावयाचे, असा त्यांचा क्रम होता. मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेत ते निबंध वाचीत. त्यांनी हजारो नाणी जमविली व हिंदुस्थानातील पोर्तुगीज नाण्यांवर लेखन केले. १८७७ साली त्यांनी स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता प्रसिद्ध केली. निरनिराळ्या ठिकाणच्या हस्तलिखित पोथ्या एकमेकींशी ताडून त्यांनी ती सिद्ध केली होती. एका ख्रिस्ती गृहस्थाने हिंदूंचे पुराण इतक्या काळजीने छापावे, याचे काहींना नवल वाटेल. मला तसे वाटत नाही. आमच्या सेमिनरीत नव्या कराराच्या जुन्या प्रती कशा ताडून पाहतात, हे शिकविले गेले, तेव्हा आम्हांस प्रथम समजले की एका प्रतीत जे सुटते ते दुसरीत सापडते, आणि नकलणाऱ्याची चूक ओळखावयाची तर धीर लागतो. तो धीर डॉक्टरांपाशी होता. १८८१ साली त्यांनी कोंकणी भाषा व तिचे वाङ्मय यांवरही एक लहानसे पुस्तक लिहिले. जी बोली पुष्कळांना केवळ घरगुती वाटे, तिलाही इतिहास आहे, हे त्यांनी त्यात दाखविले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचा मोठा ग्रंथ १८७६ साली मुंबईत निघाला. चौल व वसई या दोन जुन्या पोर्तुगीज शहरांचा इतिहास व तेथील अवशेष, हा त्याचा विषय. त्यात सतरा छायाचित्रे, नऊ शिळाछापाची पाने व एक नकाशा होता. ज्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे जड पेटी, काचेच्या पट्ट्या व औषधांच्या बाटल्या घेऊन होडीतून व खाचखळग्यांतून जाणे होते, त्या काळी पडक्या भिंतींसाठी एवढा खटाटोप करणे ही लहान गोष्ट नव्हे.

वसईची हकीकत थोडक्यात अशी. १५३४ साली गुजराथचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांस दिली. दोनशे वर्षे ते शहर भरभराटीस आले. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांची मंदिरे व मठ उभे राहिले; शिवाय संत जोसेफाचे मुख्य मंदिर होते. १७३९ च्या मे महिन्यात पुष्कळ रक्त सांडून किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीज तहाने बाहेर पडले. पुढे १७८० साली इंग्रजांनी तो घेतला, दोन वर्षांनी सालबाईच्या तहाने परत दिला, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर तो कायमचा त्यांच्याकडे आला. डॉक्टर तेथे गेले तेव्हा शहर नव्हतेच. तटाच्या आत झाडी माजली होती, भिंतींच्या सांध्यांत पिंपळ व वड रुजले होते, आणि ज्या फरशीवर एके काळी लोक गुडघे टेकीत, तीवर पावसाचे पाणी साचत होते.

नहेम्या रात्री जनावरावर बसून यरुशलेमेचे पडके कोट पाहात फिरला, हे आपण शास्त्रात वाचतो. त्याने आधी रडून घेतले होते. फिरताना मात्र त्याने कोठे भिंत पडली व कोठे वेस जळाली, एवढेच नीट पाहिले. डॉक्टरांचे पाहणेही त्याच जातीचे होते. त्यांनी एकेका मंदिरापाशी जाऊन ते कोणत्या संघाचे, कोणाच्या नावाने अर्पिलेले, दर्शनी भिंत कशी, मनोरा कोठे, याची नोंद केली. फ्रान्सिस्कन मंदिराच्या फरशीत पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. पावलांनी व पावसाने झिजलेली त्यांवरील अक्षरे त्यांनी लावून वाचली. मग जुने पोर्तुगीज बखरकार व मिशनरी काय लिहून गेले, ते काढून दगडाशेजारी ठेवले.

संत जोसेफाच्या मंदिराचे उदाहरण घेऊ. त्याचा उंच मनोरा आजही उभा आहे. मंदिराची स्थापना सोळाव्या शतकाच्या मध्यास झाली, असे कागद सांगतात. पण दारावरील शिलालेख सांगतो की १६०१ साली, आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या अमदानीत, पेद्रू गाल्व्हांव परेरा हे व्हिकर असताना, हे मंदिर नव्याने दुरुस्त केले गेले. केवळ कागद पाहणारा म्हणेल की इमारत १५५० च्या सुमाराची; केवळ दगड पाहणारा म्हणेल की १६०१ ची. दोन्ही एकत्र पाहिले म्हणजे कळते की पहिली मंडळी वाढली, जुने मंदिर अपुरे पडले, आणि पन्नास-एक वर्षांनी नातवांनी आजोबांच्या कामाला हात घातला.

हीच रीत त्या शतकात इंग्लंडात एका पाळकाने घालून दिली होती. रेव्हरंड रॉबर्ट विलिस हे १८३७ पासून केंब्रिज येथे यंत्रशास्त्राचे अध्यापन करीत व त्याबरोबर मध्ययुगातील मंदिरांचा अभ्यासही करीत. कँटरबरीचे मोठे मंदिर ११७४ साली आगीत सापडले. गेर्व्हेस नावाच्या मठवासीयाने ती आग व पुढील बांधकाम वर्षावर्षाने लिहून ठेवले होते. मुख्य गवंडी विल्यम हा पहाडावरून खाली पडून जायबंदी झाला व काम दुसऱ्या विल्यमाने पुरे केले, हेही त्यात आहे. विलिस यांनी तो वृत्तांत हाती घेऊन खांबाखांबापाशी तपासून पाहिले आणि १८४५ साली आपला ग्रंथ छापला. तेव्हापासून जुन्या मंदिरांची विद्या ही नुसत्या कौतुकाची गोष्ट न राहता साक्षीपुराव्याची गोष्ट झाली. कँटरबरीस कागद जपणारे मठ व चॅप्टर होते. वसईस मात्र मठ ओस पडले होते व कागद गोवा आणि पोर्तुगाल येथे विखुरले होते. म्हणून आपल्या डॉक्टरांचे काम मला अधिक कठीण वाटते.

वसईच्या भिंती पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट दिसते. वेदीवरचा भाग दगडी कमानीने छाविलेला असल्याने पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. मंडळी बसत त्या भागावर लाकडी छप्पर व कौले होती, ती केव्हाच गेली. वेदीचा भाग सावलीत आणि लोकांची जागा उघड्या आकाशाखाली, असे ते चित्र आहे. चौलास, म्हणजे रेवदंड्याच्या कोटात, फ्रान्सिस्कन मंदिराचा मनोरा लोक सातखणी म्हणून ओळखतात; सात मजल्यांपैकी आज चारच उरले आहेत. नाव मात्र अजून पुऱ्या सात मजल्यांचे आहे.

ही सारी मंदिरे निर्मळ हातांनी बांधली गेली, असे मी म्हणणार नाही. पोर्तुगीज राज्यात हिंदूंची देवळे पाडली गेली. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्ये काही वर्षे सोडता, इन्क्विझिशनचे न्यायासन होते, आणि त्याच्या नावाने आजही अंगावर काटा येतो. ज्यांनी दुसऱ्यांची देवळे मोडली, त्यांच्या घंटा पुढे दुसऱ्यांच्या देवळांत गेल्या. हे वाचून कोणी आनंद मानू नये व कोणी रागही धरू नये. भीमाशंकरास जाणाऱ्या आपल्या बंधूंनी तर त्या घंटेवरून तंटा करू नये.

परंतु त्याच भिंतींच्या बाहेर दुसरी एक गोष्ट घडली होती. राज्य गेले, सरदार गलबतात बसून गेले. वसईचे शेतकरी, माळी व कोळी ख्रिस्ती मात्र तेथेच राहिले. तहात त्यांच्या उपासनेस मोकळीक ठेविली होती, व गोव्याहून येणारे देशी पाद्री त्यांचा सांभाळ करीत. तटाच्या आतील मंदिरे पडली, पण पापडी, रमेदी वगैरे ठिकाणची मंडळी जिवंत राहिली आणि आजही भरगच्च आहे. ज्यांच्यासाठी दगड रचले नव्हते, त्यांनीच विश्वास राखला, असे माझ्या मनात येते. यात अतिशयोक्ती असल्यास वाचकांनी क्षमा करावी.

आता एक गोष्ट लाज वाटून सांगतो. काही वर्षांपूर्वी ज्या गावी मी पाळक होतो, तेथे मिशनच्या वेळचे लहान दगडी प्रार्थनामंदिर मोडून मोठे बांधण्याचे ठरले. जागा अपुरी होती, निर्णय योग्यच होता. दाराच्या चौकटीवर एक पाटी होती. तिच्यावर सन व चार नावे कोरलेली होती. उद्या उतरून घेऊ, असे म्हणत मी आठ दिवस घालविले. नवव्या दिवशी गवंड्यांनी ती शिळा फोडून पायात भरली. ती चार माणसे कोण, हे सांगणारी एकच म्हातारी उरली होती. तिने दोन नावे सांगितली, दोन तिला आठवली नाहीत. पुढल्या पावसाळ्यात तीही प्रभूकडे गेली. डॉक्टरांनी रोगी तपासून, होडीने खाडी ओलांडून, दुसऱ्या पंथांच्या व दुसऱ्या देशांच्या मेलेल्या माणसांची अक्षरे लावली. मला माझ्याच मंडळीच्या चार नावांसाठी शिडीवर चढणे झाले नाही. चिखलीस आल्यावर मी एक वही केली आहे. येथील मंडळी कारखान्यांत कामास आलेल्या कुटुंबांची आहे. कोणी जालन्याकडचे, कोणी नगर जिल्ह्यातले. त्यांच्या गावच्या मंदिराचा सन, बांधणाऱ्यांची नावे व पाटीवरील मजकूर मी लिहून घेतो. गावाकडचे जे उपदेशक हे वाचतील, त्यांनी आपल्या मंदिराच्या पाटीची नक्कल या पत्त्यावर धाडल्यास उपकार होतील.

डॉक्टरांच्या शेवटल्या वर्षांकडे वळतो. वसई व चौल यांच्यानंतर त्यांचे लक्ष ज्या शहरात ते राहात होते, त्याच्याकडेच गेले. सात बेटांची मुंबई कशी झाली, माहीम व दादर येथील जुनी ख्रिस्ती मंदिरे कोणत्या काळची, गावांची नावे कोठून आली, हे सारे त्यांनी एका मोठ्या ग्रंथात आणले. मुंबईची उत्पत्ती हा त्याचा विषय असून तो १९०० साली एशियाटिक सोसायटीने आपल्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून छापला. त्याच वर्षी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी मुंबईत प्लेगची साथ चौथ्या वर्षी चालू होती. वैद्याला लेखनास उसंत मिळण्याचे ते दिवस नव्हते, तरी ग्रंथ पुरा झाला. चौल व वसईचे पुस्तकही पुढे दिल्लीस पुन्हा छापले गेले, आणि आज वसईच्या किल्ल्यात हिंडणारे अभ्यासक कोणते मंदिर कोणाचे, हे ओळखावयास त्याचीच पाने उघडतात.