मातीचा वास्तुशिल्पी : हसन फाथी

इजिप्त देशाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात. मृत राजांसाठी रचलेली ती दगडी नवलाई जगाने पोटभर पाहिली. परंतु त्याच नाईल नदीच्या काठी जिवंत माणसांनी, त्यातही गरीब माणसांनी, कशा घरात राहावे या प्रश्नाने ज्याचा आयुष्यभर पिच्छा पुरविला, त्या हसन फाथी या वास्तुशिल्पीची ओळख मराठी वाचकांस फारशी नाही. ती करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

फाथी यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया येथे एका सधन घराण्यात झाला. घरची जमीनजुमला होता, पण वडिलांना खेड्याचा मनस्वी तिटकारा. आईच्या मनात मात्र बालपणी पाहिलेल्या खेड्याची ओढ कायम होती, आणि मुलाने खेडे पाहिले ते प्रथम आईच्या आठवणींतून. शेतकी शिक्षण घ्यावे असा त्यांचा बेत होता. परंतु शेताचे तोंडही न पाहिलेल्या या मुलाचे गाडे प्रवेशपरीक्षेतच अडले आणि तो वास्तुकलेकडे वळला. १९२६ साली पदवी मिळाली, १९३० पासून कैरोच्या ललितकला विद्यालयात अध्यापन सुरू झाले. ते व्हायोलिन वाजवीत, चित्रे काढीत. त्यांचे नकाशे आजही चित्रांप्रमाणे भिंतीवर लावले जातात. प्राचीन इजिप्ती भित्तिचित्रांच्या धर्तीवर त्यांत झाडे, गाई, माणसे आणि घराचा आराखडा एकाच कागदावर नांदतात.

विशी संपत आली तेव्हा त्यांनी घरच्या शेतीवर प्रथम पाऊल ठेवले. आईने वर्णिलेले नंदनवन तेथे नव्हते. कुळांची घरे म्हणजे अंधारी, बुटकी, घाणीने वेढलेली खुराडी होती. ती सुधारावीत म्हणून नव्या पद्धतीच्या बांधकामाचा हिशेब केला तर खर्च कुळांच्याच काय, मालकाच्याही आवाक्याबाहेर जाई. सिमेंट, लोखंड आणि लाकूड विकत घ्यावे लागते. शेतकऱ्याच्या पायाखालची माती मात्र फुकट असते. त्या मातीच्या विटा तो पिढ्यान्‌पिढ्या पाडीतच आला होता.

भिंती मातीच्या होतील, पण छताचे काय? हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मराठवाड्यातील व विदर्भातील आपली जुनी धाब्याची, माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की भिंती कितीही जाड व गार असल्या तरी वरच्या मातीचा भार तुळया आणि सरे पेलतात. इजिप्तमध्ये लाकडाचा दुष्काळ. त्यातच दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने बाहेरून येणारा मालही थांबला. कैरोजवळ बहतीम येथील शेतीसंस्थेच्या कामावर फाथींनी कच्च्या विटांचीच कमानदार छते घालून पाहिली, ती कोसळली.

मार्ग दाखविला तो त्यांच्या थोरल्या किंवा धाकट्या कोणा गुरूने नव्हे, तर भावाने. हे बंधू अस्वान येथील धरणाच्या कामावर होते. न्यूबियातील गवंडी सेंटरिंगशिवाय, म्हणजे खाली लाकडी साचा न उभारता, कमानदार छत घालतात, असे त्यांनी कळविले. फेब्रुवारी १९४१ मध्ये फाथी अस्वानला गेले. तेथे एक अख्खे खेडे त्यांना असे दिसले की ज्यात प्रत्येक घर सुबक, स्वच्छ, चुन्याने रंगविलेले, आणि वर मातीचेच छत.

ही कृती थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. खोलीच्या एका टोकाची भिंत उंच उठवितात. तिच्यावर गवंडी ओल्या चिखलाने कमानीची रेघ नुसत्या नजरेने काढतो आणि वाकसाने तासून साफ करतो. विटा खास असतात : २५ सेंटिमीटर लांब, १५ रुंद व अवघ्या ५ जाड, वजन कमी राहावे म्हणून त्यांत भुसा अधिक घालतात, आणि ओलेपणीच बोटांनी तिरप्या खाचा पाडतात, म्हणजे चिखल धरून राहतो. पहिला थर त्या भिंतीला कललेला लावतात, पुढचा थर मागच्यावर तसाच कलता टेकवितात. प्रत्येक वीट मागल्या विटेला चिकटलेली आणि तिच्यावर रेललेली असल्याने खाली आधाराची गरजच पडत नाही. कमानीचा तो आकारही गवंड्याने सौंदर्यासाठी निवडलेला नसतो. माती दाब सहन करते, ताण करीत नाही. आणि या आकारात सारा भार दाबाच्या रूपानेच भिंतींत उतरतो. अभियंता जे गणिताने काढील ते निरक्षर कारागीर डोळ्याने काढतो, आणि त्यातूनच डोळ्यांना गोड वाटणारी रेषा निर्माण होते. फाथींनी अस्वानहून आणविलेल्या दोन गवंड्यांनी तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीचे छत दीड दिवसात पुरे केले. लक्सोरजवळच्या रामेसियम या देवळाच्या मागे याच पद्धतीची कच्च्या विटांची कोठारे आहेत. ती सुमारे ३,२०० वर्षे उन्हावाऱ्यात उभी आहेत.

ही विद्या वापरून दाखविण्याची मोठी संधी सरकारनेच दिली. लक्सोरसमोर नाईलच्या पश्चिम तीरावर प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर गुर्ना हे गाव वसलेले होते. सुमारे ७,००० लोकसंख्या; घरे थडग्यांवरच, आणि बऱ्याच जणांचे पोट थडग्यांतील वस्तूंवर चाले. एकदा खडकातले एक अख्खे कोरीव शिल्पच चोरीस गेले तेव्हा पुराणवस्तू खाते खडबडून जागे झाले आणि गावच हलविण्याचे ठरले. खाली सखल भागात ५० एकर जमीन घेण्यात आली व १९४५ साली नव्या गुर्नाचे काम फाथींकडे आले.

त्यांनी एक नमुना काढून तो नऊशे वेळा गिरवायचे साफ नाकारले. नात्यागोत्याची घरे एका लहान चौकाभोवती यावीत, तो चौक रस्त्यापासून थोडा आडोशाला असावा, प्रत्येक घराला आपले अंगण असावे, ही त्यांची योजना. मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह, कारागिरांसाठी विद्यालय, सारे काही आराखड्यात होते. शाळेत वारा धरणारी धुरांडी बसविली. वरून आत शिरलेली हवा ओल्या कोळशावरून खाली येई आणि वर्ग सुमारे दहा अंशांनी गार होई. नळ घरोघर द्यावेत की गावविहीर ठेवावी यावरही त्यांनी फार विचार केला, कारण पडद्यात राहणाऱ्या मुलींना घराबाहेर पडण्याचे निमित्त पाणवठा हेच असे. स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलता येत नाही, आणि घर तर त्यांनीच वापरायचे, ही खंत त्यांना होती.

पुढील भाग प्रस्तुत लेखकाने, ज्याचे सारे आयुष्य फायलींत गेले, विशेष लक्षपूर्वक वाचला. भुशाच्या खरेदीची मंजुरी वेळेवर येत नसे, पैसा अडके, एका खात्याचे पत्र दुसऱ्याकडे फिरत राही. फाथींनी याचे वर्णन कडवटपणे केले आहे, आणि ते खोटे नाही. परंतु सारा दोष कारकुनांच्या माथी मारणे मला पटत नाही. गुर्नाच्या लोकांना हलायचेच नव्हते. टेकडीवर त्यांचे उत्पन्न होते, खाली केवळ घर होते. आपल्याकडे कोयनेच्या धरणग्रस्तांची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. फाथींना हे दिसत नव्हते असे नाही. विणकाम, कुंभारकाम शिकविण्याचे त्यांचे बेत त्यासाठीच होते. पण ती उपजीविका उभी राहण्याआधीच विरोध उभा राहिला. पुराच्या दिवसांत गावकऱ्यांनी रात्री बांध फोडून नवे गाव बुडविण्याचा प्रयत्न केला, असे फाथींनी नोंदविले आहे. शिवाय त्या भागातील लोकांना घुमट म्हटला की पीराची कबर आठवे. अशा छताखाली संसार मांडणे अनेकांना रुचले नाही. १९४८ साली काम थांबले ते थांबलेच. गावाचा थोडाच भाग बांधून झाला होता.

मायदेशात उपेक्षा वाट्यास आली. १९५७ मध्ये ते अथेन्सला गेले, काही वर्षांनी परतले. १९६४ साली कैरोच्या बांधकाम संशोधन केंद्राच्या आवारात त्यांनी निरनिराळ्या सामग्रीची लहान घरे शेजारी शेजारी उभी करून तापमान मोजले. काँक्रीटच्या पातळ तयार भिंतींच्या घरात पारा ३६ अंशांवर गेला. अर्धा मीटर जाड मातीच्या भिंतींच्या घरात दिवसरात्रीत दोन अंशांहून अधिक फरक पडला नाही. मे महिन्यात उत्तरेकडील सरकारी क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर जे राहिले आहेत त्यांना या आकड्यांचा अर्थ चटकन कळेल. सिमेंटच्या निर्मितीतून जगाच्या एकूण कार्बन वायूपैकी ७ ते ८ टक्के वायू बाहेर पडतो, हे आज आपण जाणतो. उन्हात वाळविलेल्या विटेला भट्टीच लागत नाही. १९६७ मध्ये खार्गाच्या मरूद्यानात बारिस नावाचे दुसरे गाव त्यांनी सुरू केले, तेही युद्धामुळे अर्धवट राहिले.

कीर्ती आली ती पुस्तकामुळे. गुर्नाची हकीकत प्रथम १९६९ साली कैरोत छापली गेली आणि १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठाने ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावाने ती प्रसिद्ध केली. जगभरच्या तरुण वास्तुशिल्पींनी ते उचलून धरले. १९८० साली आगाखान पुरस्कार समितीचा विशेष सन्मान आणि त्याच वर्षी सुरू झालेला राइट लाइव्हलिहुड पुरस्कार त्यांना मिळाला. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत एक मशीद बांधावयाची होती तेव्हा ऐंशी वर्षांचे फाथी न्यूबियाचे गवंडी बरोबर घेऊन गेले. आपल्याकडे पुदुच्चेरीजवळ ऑरोव्हिल येथे याच पद्धतीच्या मातीच्या कमानी शिकविल्या जातात.

शेवटची वर्षे ते कैरोच्या किल्ल्याजवळील एका जुन्या वाड्यात मांजरांच्या सोबतीने राहिले. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. नव्या गुर्नातील बरीच घरे पुढे जमिनीतून चढणाऱ्या पाण्याने व क्षारांनी खचली, काही पाडून त्यांच्या जागी काँक्रीटची झाली. मशीद मात्र टिकली. आणि टेकडीवरचे मूळ गुर्ना? ते हलविण्याचे काम सरकारने अखेर डिसेंबर २००६ मध्ये पुन्हा हाती घेतले, या वेळी बुलडोझर घेऊन, आणि तेथील कुटुंबांना फाथींच्या गावात नव्हे, तर दुसऱ्याच एका नव्या वसाहतीत नेले.