फाब्र मास्तर आणि त्यांचे किडे

दक्षिण फ्रान्समध्ये एका सकाळी द्राक्षे खुडायला निघालेल्या तीन बायकांनी वाटेत एक गृहस्थ जमिनीकडे टक लावून बसलेला पाहिला. सायंकाळी परतताना पाहतात तो स्वारी तेथेच, तशीच! बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, असे हळहळत त्या पुढे गेल्या. ते गृहस्थ म्हणजे विख्यात कीटकशास्त्रज्ञ झाँ आंरी फाब्र.

फाब्र यांचा जन्म १८२३ साली सँ-लेओं या खेड्यात गरीब घरी झाला. वडिलांचा एकही धंदा टिकला नाही. या मुलाने जत्रेत लिंबेसुद्धा विकली. शिष्यवृत्ती मिळवून ते मास्तर झाले, पदव्या मात्र नोकरी सांभाळून स्वतःच्या अभ्यासावर मिळविल्या. आव्हीन्याँ शहरात त्यांनी बरीच वर्षे शिकविले. तेथे रात्रीच्या मोफत वर्गांना मुलीही येत. फुलांत बीजधारणा कशी होते हे त्यांनी त्या मुलींना सरळ समजावून सांगितले आणि गावात गहजब झाला! धर्मगुरू खवळले, घरमालकिणींनी जागा सोडायला सांगितले. १८७० साली नोकरी आणि बिऱ्हाड दोन्ही गेले. पदरी मुलेबाळे, हाती पैसा नाही. अशा वेळी धावून आले ते स्त्रियांच्या पराधीनतेवर ग्रंथ लिहिणारे जॉन स्टुअर्ट मिल. त्यांनी उसने दिलेले पैसे फाब्र यांनी पाठ्यपुस्तके लिहून फेडले.

१८७९ साली सेरीन्याँ येथे त्यांनी एक दगडगोट्यांचा, काटेकुट्यांचा माळ घेतला. कुणब्याने नाक मुरडावे अशी ती जमीन. पण किड्यांना आवडती, म्हणून यांनाही आवडली. त्यांच्या कीटकविषयक ग्रंथाचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात निघाले.

रातकिडे पकडणाऱ्या एका गांधीलमाशीचे त्यांनी केलेले वर्णन मुळातून वाचावे असे आहे. आपल्या भिंतीवर मातीचे घर करणारी कुंभारीण हिच्याच नात्यातली. ही माशी रातकिड्याला अचूक जागी डंख मारून लुळा करते, ठार करीत नाही. म्हणजे पिलाला ताजे अन्न मिळते. गंमत अशी, की या आईची आणि पिलाची कधी गाठच पडत नाही. मग लेकीला हे शिकविले कोणी? कोणीच नाही, ती ते जन्मतःच घेऊन येते. आपल्याला मात्र साधी पोळी गोल यायला किती दिवस लागतात!

पण या उपजत शहाणपणाची दुसरी बाजूही फाब्र यांनी दाखविली. रातकिडा बिळाच्या तोंडाशी ठेवून माशी आत डोकावून येते. तेवढ्यात त्यांनी तो थोडा दूर सरकविला. तिने तो परत आणला आणि पुन्हा आत पाहायला गेली. असे चाळीस वेळा झाले, तरी तिने आपला रिवाज मोडला नाही. नंतर दुसऱ्या ठिकाणच्या त्याच जातीच्या माश्या मात्र दोन-तीनदा फसल्यावर रातकिडा थेट आत ओढून नेऊ लागल्या. आपल्या सिद्धान्ताला बाधा आणणारी ही गोष्टही त्यांनी लपविली नाही.

पाइनच्या झाडावरील सुरवंट एकामागून एक रांगेने चालतात. १८९६ च्या जानेवारीअखेर अशी एक रांग मोठ्या कुंडीच्या काठावर चढली आणि तिचे तोंड शेपटीला मिळाले. पुढारी उरला नाही, प्रत्येकजण पुढच्याच्या मागे! थंडीत, उपाशीपोटी, सात दिवस ती वरात फिरत होती. तीनशेहून अधिक प्रदक्षिणा झाल्या. रेशमी धाग्याच्या आधाराने ते चालतात असे फाब्र यांना वाटे. गंध आणि पुढच्याच्या केसांचा स्पर्श यांचा वाटा मोठा, असे पुढील अभ्यासात दिसून आले.

कीटक शिकतातही, याचा चांगला पुरावा त्यांच्यामागून आला. १९३२ साली टिनबर्गेन यांनी दुसऱ्या एका गांधीलमाशीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. बिळाभोवती मांडलेली पाइनची फळे बाजूला सरकविताच माशी बीळ सोडून त्या फळांच्या मधोमध उतरली. घराच्या खुणा तिने पाहून ध्यानात ठेवल्या होत्या.

फाब्र १९१५ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी, सेरीन्याँ येथेच वारले. तो माळ व ते घर आता संग्रहालय म्हणून जपले आहे.