थोर गणिती लिओनार्ड ऑयलर

लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंड देशात बासेल या शहरी झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलाने आपलाच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बर्नुली या गणितज्ञांनी मुलाची हुशारी ओळखली व वडिलांची समजूत घातली. वयाच्या विसाव्या वर्षी, १७२७ साली, ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले.

त्यांनी फोडलेली एक संख्या मला फार आवडते. ती कशी तयार होते पाहा. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५५३६. आता २ पासून प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ मिळतात. या साऱ्या मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः, यांखेरीज कशानेच निःशेष भाग जात नाही. याच रीतीने पुढची संख्या येते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. केवढी मोठी!

फ्रान्समधील थोर गणिती फेर्मा यांना १६४० च्या सुमारास वाटले, की हीसुद्धा मूळ संख्याच असणार. एवढा मोठा माणूस म्हणतो म्हटल्यावर कोण भागाकार करीत बसणार? ऑयलर बसले! १७३२ साली त्यांनी दाखवून दिले, की या संख्येला ६४१ ने भाग जातो आणि ६७००४१७ येतात. पुढे त्यांनी युक्तीही सांगितली. या संख्येचा कोणताही विभाजक घ्या, त्याला ६४ ने भागले की बाकी १ च उरते. चौसष्ट दाहे सहाशेचाळीस, अधिक एक, झाले ६४१. मग बाकीच्या संख्या तपासायच्याच कशाला?

मी आणि माझ्या मित्राने हा भागाकार वहीत केला. बाकी खरेच शून्य आली.

पुढे ऑयलर यांच्यावर संकटे आली. १७३८ च्या सुमारास उजवा डोळा गेला. म्हातारपणी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ साली शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसले, पण नंतर तीही दृष्टी गेली. त्याच वर्षी राहते घरही जळाले. तरी गणित थांबले नाही. ते मनात आकडेमोड करीत व तोंडाने सांगत. मुलगा आणि शिष्य लिहून घेत. १७७२ साली त्यांनी २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ही मूळ संख्या असल्याचे कळवले. त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलर यांचे निधन झाले.

मोठ्यांचा मान जरूर ठेवावा, पण गणित स्वतः करून पाहावे, हे मी त्यांच्या चरित्रातून शिकलो. वर्गमित्रांनो, आणि शाळेत आलेल्या पालकांनो, ६७००४१७ ला ६४१ ने एकदा गुणून पाहाच!