शिल्पकार फोज्जीनी

केळापूरच्या आमच्या विद्यार्थ्यांस काळ्या पाषाणाच्या मूर्ति परिचयाच्या आहेत. परंतु संगमरवराच्या सपाट शिळेवर चित्राप्रमाणें आकृति उठविणें ही निराळी विद्या होय. पंधराव्या शतकांत इटलींतील फ्लॉरेन्स नगरीं दोनातेल्लो आदि शिल्पकारांनीं ती थोर पदवीस नेली. त्याच नगरांतील एका शिल्पकाराचें चरित्र आम्ही येथें देत आहों. कारण त्याची एक कृति गोव्यांत आहे.

जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जीनी याचा जन्म सन १६५२ मध्यें फ्लॉरेन्स येथें झाला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें सन १६७३ मध्यें त्यास अभ्यासासाठीं रोमला पाठविलें. तेथें फेर्राता याजपाशीं शिल्प व फेर्री याजपाशीं चित्रकला शिकून तो तीन वर्षांनीं परतला. पुढें कार्मिने चर्चमधील कोर्सिनी घराण्याच्या प्रार्थनागृहासाठीं त्यानें संत आंद्रेआ कोर्सिनी यांच्या गौरवाचे तीन भव्य देखावे संगमरवरांत कोरले. त्यांतील पुढच्या आकृति शिळेपासून जवळजवळ सुटलेल्या, तर मागच्या उथळ आहेत. त्यामुळें दगडांतहि दूरचें अंतर भासतें. सन १६८७ मध्यें तो राजशिल्पकार झाला.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मस्तकाखालची उशी गोव्याच्या जेझुइटांकडून कोझिमोस भेट मिळाली होती. तिची उतराई म्हणून संतांच्या समाधीचा चौथरा घडविण्याचें काम फोज्जीनीकडे आलें. त्यांत सुमारें दहा वर्षें गेलीं. संगमरवर व रंगीत दगड यांच्या त्या चौथऱ्यावर संतांचा उपदेश, बाप्तिस्मा व मृत्यु इत्यादि प्रसंगांचे चार ब्राँझचे उठावदार फलक बसविले आहेत. सुटे भाग समुद्रमार्गें आणून सन १६९८ मध्यें जुन्या गोव्यांतील बॉम जेझू चर्चमध्यें तो उभारण्यांत आला. संतांचे अवशेष असलेली वरची रुप्याची पेटी मात्र साठ वर्षांपूर्वींच गोव्याच्या कारागिरांनीं घडविली होती.

फोज्जीनी सन १७२५ मध्यें फ्लॉरेन्स येथेंच निवर्तला. तो गोव्यास कधींच आला नाहीं. ती पेटी घडविणारे हातहि त्यानें पाहिले नाहींत. तरी दोहोंचें काम आज एकमेकांवर निश्चळ उभें आहे.

बालमित्रहो, गोव्यास गेलां तर पेटीचें दर्शन घेऊन लगेच परतूं नका. क्षणभर खालच्या चौथऱ्याकडेहि पाहा. भार वाहणारें काम पुष्कळदां असें खालींच असतें, आणि तें करणाराचें नांव फार थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून तें उणें ठरत नाहीं.