सोलर बसवलं तरी वीजबिल शून्य का होत नाही? उत्तर एडिसन यांच्या सेक्रेटरीच्या गोष्टीत आहे

छतावर तीन किलोवॉटची पॅनल्स बसली, नेट मीटर लागलं आणि पहिलं बिल हातात आलं. युनिट जवळपास शून्य. पण भरायची रक्कम शून्य नाही. ‘स्थिर आकार’ नावाची ओळ जागच्या जागी आहे. त्यात आता स्मार्ट मीटर आणि वेळेनुसार बदलणारे दर. दुपारची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग.

ऊन फुकट, पॅनल्स आपल्या पैशाची, मग हे पैसे कसले?

हा प्रश्न सोलरपेक्षा खूप जुना आहे. विजेचा खरा खर्च युनिटमध्ये नसतो, ती कधी आणि एकदम किती लागते यात असतो, हे ओळखून त्यावर अमेरिकेतला अवाढव्य धंदा उभा करणारा माणूस म्हणजे सॅम्युअल इन्सल. एके काळी ते ‘टाइम’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले होते. शेवटी त्यांची ओळख पटली ती खिशातल्या एका बिलावरून.

ऑफिस बॉय ते एडिसन यांचा उजवा हात

इन्सल यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८५९ चा, लंडनमधला. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते एका लिलाव कंपनीत ऑफिस बॉय म्हणून लागले. शॉर्टहँड शिकले. पुढे पेपरातली जाहिरात पाहून एका अमेरिकन माणसाकडे नोकरी धरली. हे गृहस्थ थॉमस एडिसन यांचे लंडनमधले प्रतिनिधी निघाले.

तिथून १८८१ मध्ये इन्सल थेट न्यूयॉर्कला, एडिसन यांचे खासगी सेक्रेटरी म्हणून पोहोचले. वय २१. असं सांगतात, की बोटीतून उतरले त्याच रात्री एडिसन यांनी त्यांना समोर बसवून पैशाचा हिशोब काढला आणि बैठक पहाटेपर्यंत चालली. एडिसन यांना शोध लावायचे होते, पत्रं आणि उधारी सांभाळायला कोणीतरी हवंच होतं.

पुढच्या वर्षी, ४ सप्टेंबर १८८२ ला, न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं एडिसन यांचं वीजकेंद्र सुरू झालं. तेव्हाचं मीटर म्हणजे काचेच्या भांड्यात जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जमायचं. कंपनीचा माणूस पट्ट्या नेऊन वजन करायचा आणि त्यावरून बिल निघायचं. किती वीज गेली ते कळायचं. कधी गेली, एकदम किती गेली, याचा पत्ता नाही.

१८९२ मध्ये एडिसन यांची कंपनी प्रतिस्पर्ध्यात विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक तयार झाली. इन्सल यांना तिथे मोठं पद मिळत होतं. त्यांनी ते सोडून शिकागोमधली एक छोटी वीज कंपनी घेतली, तीही बऱ्याच कमी पगारावर. शिकागोची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या वर गेली होती, पण विजेचे ग्राहक जेमतेम काही हजार. वीज ही श्रीमंतांची हौस होती, बाकीच्यांकडे गॅसचे दिवे. आता नोकरी सोडून स्टार्टअपमध्ये जातात, तसाच हा प्रकार.

ब्रायटनमधलं काचेचं मीटर

१८९४ च्या ख्रिसमसच्या सुमारास इन्सल इंग्लंडला गेले होते. समुद्रकाठच्या ब्रायटन गावात त्यांना एक नवल दिसलं. संध्याकाळी छोट्या छोट्या दुकानांतही विजेचे दिवे लागलेले. शिकागोत अशा दुकानदाराला वीज परवडत नव्हती. इथे कशी परवडते?

उत्तर होतं तिथल्या वीज केंद्राचे प्रमुख आर्थर राइट यांच्याकडे.

समजा, दोन दुकानं आहेत. पहिल्यात २० दिवे रोज एक तास लागतात. दुसऱ्यात ५ दिवे रोज चार तास. दोघांची युनिट सारखीच. पण पहिल्या दुकानासाठी वीज कंपनीला चौपट मोठं यंत्र आणि चौपट जाड वायर तयार ठेवावी लागते, आणि ती दिवसाचे २३ तास नुसती पडून राहते. यंत्रासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज मात्र २४ तास चालू असतं. वीज साठवून ठेवणं तेव्हा फारसं शक्य नव्हतं. त्यामुळे कंपनीचा मोठा खर्च कोळशात नव्हता, गर्दीच्या एका तासासाठी उभ्या केलेल्या यंत्रात होता.

ही गोष्ट इंग्रज इंजिनिअर जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्येच मांडली होती. राइट यांनी ती मोजायचं साधन बनवलं. काचेच्या बंद नळीत हवा आणि द्रव. वीज वाहिली की हवा तापून फुगायची आणि द्रव ढकलला जाऊन बाजूच्या नळीत सांडायचा. सांडलेला द्रव परत यायचा नाही. त्यामुळे महिन्यात सर्वात जास्त वीज एकदम किती ओढली, ते नळीत उरलेल्या पातळीवरून दिसायचं. बिल दोन टप्प्यांत: त्या कमाल मागणीच्या हिशोबाने पहिल्या थोड्या तासांना चढा दर, पुढच्या वापराला एकदम कमी. थोडे दिवे पण जास्त वेळ वापरणाऱ्या दुकानदाराचं बिल त्यामुळे आवाक्यात आलं.

इन्सल यांनी हे मीटर शिकागोत आणलं. आज तुमच्या बिलावर ‘मंजूर भार’ आणि ‘स्थिर आकार’ दिसतात, त्यामागचा तर्क हाच आहे.

दुपारी कोण वीज घेणार?

राइट यांनी गणित दिलं, पण त्याचा धंदा इन्सल यांनी केला. शिकागोत विजेची सगळ्यात मोठी झुंबड हिवाळ्यातल्या संध्याकाळी उडायची. अंधार लवकर पडायचा, ऑफिसचे दिवे अजून चालू, घरचे लागलेले, रस्त्यावर गर्दी. उरलेल्या दिवसभर यंत्रं अर्धवट रिकामी.

मग इन्सल यांनी रिकाम्या वेळेला गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. ट्राम आणि रेल्वे कंपन्यांना इतकी स्वस्त वीज देऊ केली, की स्वतःचं वीज केंद्र चालवणं त्यांना महाग पडावं. कारखान्यांना दिवसा वीज. बर्फ बनवणाऱ्यांना उन्हाळ्यात वीज. घरोघरी विजेच्या इस्त्र्या वापरून बघायला दिल्या, कारण इस्त्री दुपारी होते. जितकी यंत्रं जास्त वेळ चालतील तितकी प्रत्येक युनिटवर खर्चाची वाटणी कमी, म्हणून दर कमी, म्हणून आणखी गिऱ्हाईक. १९०३ मध्ये फिस्क स्ट्रीट केंद्रात त्यांनी ५,००० किलोवॉटचं वाफेचं टर्बाइन बसवून घेतलं. इतकं मोठं यंत्र बनवायला जनरल इलेक्ट्रिकच कचरत होती.

सोलर लावणाऱ्यांनी इथे थोडं थांबायला हवं. इन्सल यांच्या वेळी दुपारी मशीन रिकामी असायची. आज दुपारी छताछतावरून वीज येते आणि संध्याकाळी सूर्य मावळला की सगळे एकदम ग्रिडकडे वळतात. गणित तेच, पण त्याला धार आली आहे.

भारतात केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनुसार, ‘सोलर अवर्स’मध्ये दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या वेळी घरगुती ग्राहकांसाठी किमान दहा टक्के जास्त असायला हवा. कोणते तास, ते राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे.

हिशोब समजायला नुसते मानलेले आकडे घेऊ. नेहमीचा दर ८ रुपये, दुपारचा ६.४०, संध्याकाळचा ८.८०. घरात दिवसा कोणी नाही, दुपारी १० युनिट ग्रिडला गेली आणि रात्री १० युनिट परत घेतली. युनिटला युनिट वळती झाली तर बाकी शून्य. पण वेळेच्या दराने हिशोब झाला तर ६४ रुपये जमा, ८८ रुपये खर्च. रोज २४ रुपये, महिन्याला ७२०. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गीझर असं ४ युनिटचं काम दुपारी हलवलं, तर फरक रोज १४ रुपये ४० पैशांवर येतो, महिन्याला ४३२.

म्हणून दर निवडायची संधी असेल तर आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. आपल्या राज्यात नेट मीटरची युनिट कशी वळती होतात, आणि आपल्या घराची संध्याकाळ किती मोठी आहे. पॅनल किती वॉटचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

साम्राज्य आणि कोसळणं

१९०७ मध्ये इन्सल यांची कंपनी कॉमनवेल्थ एडिसन झाली. मग आसपासची गावं, मग शेजारची राज्यं. वीज धंद्यावर सरकारी नियंत्रण हवं, असं त्यांनी १८९८ मध्येच जाहीरपणे मांडलं होतं, तेही वीज कंपन्यांच्याच राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष म्हणून. यात साधेपणा नव्हता. दर सरकारने ठरवावेत, बदल्यात शहरात एकाच कंपनीला मक्तेदारी मिळावी, असा तो सौदा. वीज ग्राहकाला आजही मुख्यतः आयोगाच्या सुनावणीतच दाद मागावी लागते, त्याची मुळं इथे आहेत.

१९३० पर्यंत त्यांच्या कंपन्यांचं जाळं ३२ राज्यांत पसरलं होतं. पण ते उभं होतं कंपनीवर कंपनी, तिच्यावर आणखी एक कंपनी अशा उतरंडीवर. खाली वीज विकणाऱ्या कंपन्या, वर फक्त शेअर धरणाऱ्या. शेअर विकले गेले सामान्य लोकांना: कारकून, शिक्षक, स्वतःचे कर्मचारी, वीज ग्राहक. कंपनीवर दुसऱ्याने ताबा मिळवू नये म्हणून इन्सल यांनी वरच्या कंपन्यांच्या नावावर कर्जं काढली, तीही १९२९ च्या शेअर बाजार कोसळण्याच्या आगेमागे. त्यांनी उभारलेलं शिकागोचं भव्य ऑपेरा हाउस बाजार कोसळल्यावर काही दिवसांतच, ४ नोव्हेंबर १९२९ ला उघडलं.

यंत्रांच्या बाबतीत गर्दीच्या एका तासाची तयारी ठेवणाऱ्या माणसाने कर्जाच्या बाबतीत मात्र तशी तयारी ठेवली नाही. १९३२ मध्ये उतरंड कोसळली. लाखो लोकांची बचत गेली. इन्सल यांना सगळ्या कंपन्यांतून पायउतार व्हावं लागलं.

ते वर्ष निवडणुकीचं होतं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी प्रचारात इन्सल यांचं नाव घेऊन हल्ला चढवला. खटला उभा राहणार दिसताच इन्सल ग्रीसला गेले. ग्रीक न्यायालयाने त्यांना अमेरिकेच्या ताब्यात द्यायला नकार दिला. १९३४ मध्ये तिथूनही निघायची वेळ आली, तेव्हा ते एका भाड्याच्या जहाजातून बाहेर पडले आणि इस्तंबूलमध्ये पकडले गेले.

शिकागोत फसवणुकीचा खटला चालला. वय ७४. ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. नंतरच्या खटल्यांतही ते सुटले. कायद्याच्या दृष्टीने फसवणूक सिद्ध झाली नाही, पण ज्यांचे शेअर कागदाच्या भावाचे झाले त्यांना त्याने काहीच परत मिळालं नाही. १९३५ मध्ये अमेरिकेने अशा वीज उतरंडींना लगाम घालणारा कायदा केला.

गंमत म्हणजे, खाली प्रत्यक्ष वीज विकणारी कॉमनवेल्थ एडिसन टिकली. आज ती कॉमएड नावाने शिकागोला वीज पुरवते. तिचा घरगुती ग्राहक तासागणिक बदलणारा दर निवडू शकतो. आणि १ जानेवारी २०२५ पासून तिथे नव्याने सोलर लावणाऱ्यांना ग्रिडला दिलेल्या युनिटवर विजेच्या किमतीची वजावट मिळते, वायरच्या खर्चाची मिळत नाही.

इन्सल अखेरची वर्षं बराच काळ पॅरिसमध्ये राहिले. हृदयाचा त्रास होता, मेट्रोने जाऊ नका असं पत्नी ग्लॅडिस यांनी बजावलेलं होतं. १६ जुलै १९३८ ला तिथल्या एका मेट्रो स्टेशनवर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते तिथेच गेले. खिशात थोडीशी नाणी होती. हॉटेलच्या लाँड्रीचं एक बिल होतं, त्यावरून पोलिसांना नाव कळलं. लंडनमध्ये, जिथे ते ऑफिस बॉय होते त्या शहरात, त्यांचं दफन झालं.